वेलीला पाणी सुटलं

"आता?" मेकॅनिकने विचारलं. "नाही," ती म्हणाली. "आता?" "नाही. वायर बघा ना एकदा, सैल असेल." मेकॅनिक कान तपासायच्या यंत्राच्या मागे उकिडवा बसला होता. त्याचं टक्कल तेवढं दिसत होतं, हात दिसत नव्हते. एरवी रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आत ती स्वतःच कानांवर हेडफोन चढवायची आणि एकेक बटण दाबत सगळे आवाज तपासून घ्यायची: अडीचशे हर्ट्झचा घुमारा, हजाराची शिट्टी, चार हजारांची बारीक किणकिण आणि शेवटी आठ हजारांचा तो सुईच्या टोकासारखा आवाज. एकवीस वर्षं हा तिचा नेम होता. आज जुने हेडफोन बदलायचे होते, म्हणून बटण त्याच्या हाताखाली होतं. "आता तरी?" "नाही हो." तो गुडघ्यांवर हात टेकत उठला, तिच्या कानांवरचे हेडफोन काढून त्याने स्वतःच्या कानाला लावले आणि झटक्यात लांब धरले. "अहो बाई, केवढा किंचाळतोय हा!" असं म्हणून तो हसला. मग त्याने तिच्याकडे पाहिलं आणि त्याचं हसू जागच्या जागी विरलं. तो खाली बघून वायरची गुंडाळी करू लागला. "नवीन आहेत ना, बसायला जरा वेळ लागतो," तो म्हणाला. बुटांना बसायला वेळ लागतो, हेडफोनला लागत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्या दिवशी तिने अकरा जणांचे कान तपासले. जाड काचेच्या त्या छोट्या खोलीत एकेक माणूस येऊन बसला, हातात बटण घेऊन, आणि ती बाहेर यंत्रापाशी बसून कागदावर ठिपके काढत राहिली. हात सरावाने चालत होता. डोक्यात मात्र एकच गोष्ट फिरत होती. कालपर्यंत ऐकू येत होतं की. काल सकाळीसुद्धा आलं होतं. मग दुपारी, एका म्हाताऱ्या शिक्षकाच्या आलेखावर तारीख घालताना, तिला कळलं की काल ऐकू आलं नव्हतं. काल तिने बटण दाबलं होतं. बोटाने सांगितलं आणि मनाने ऐकलं. परवाही तसंच, आणि गेल्या महिन्यातही. केव्हापासून, हे आता कोण सांगणार? घरी नवरा दोनतीनदा म्हणाला होता, "अगं, ओव्हन कधीचा बोंबलतोय, बंद कर की." तेव्हा तिला वाटलं होतं, ओव्हन बिघडलाय. थर्मामीटर वाजेनासा झाला तेव्हा तिने सेल बदलला होता. घरातल्या सगळ्या बारीक आवाजांनी एकेक करून काढता पाय घेतला होता, निरोपसुद्धा न घेता, आणि ती मात्र वस्तूंनाच दोष देत बसली होती. तिला त्या क्षणी भीती वाटली नाही. वाटलं ते वेगळंच. दुसऱ्याच्या घरात आपण इतकी वर्षं राहत होतो आणि मालक आजच दारात उभा राहिला, असं काहीसं.

एकोणपन्नासाव्या वर्षी वरचे आवाज थोडे कमी होतात, हे ती पेशंटना रोज सांगायची. "घाबरायचं कारण नाही, वयाप्रमाणे होतं," असं म्हणताना तिचा आवाज आपोआप मऊ व्हायचा. पण पेशंटच्या घरी तिची आई नव्हती. तिची आई पंचेचाळिशीपासून ऐकेनाशी झाली आणि साठीला ठार बहिरी झाली. मधली पंधरा वर्षं घरातल्या सगळ्यांनी तिला हळूहळू वेडगळ ठरवलं. कुणी गंभीर बोललं की आई हसायची, कारण शेवटी सगळे हसतातच, असा तिचा अंदाज असायचा. मग सगळे खरंच हसायचे, तिला. दोघी बहिणी लहान होत्या तेव्हा ती आणि ताई आईच्या समोर उभं राहून नुसते ओठ हलवायच्या. आवाज काढायच्याच नाहीत. आई कावरीबावरी होऊन कानाची पाळी ओढायची, पुढे वाकायची, "काय गं? काय म्हणता?" म्हणून विचारायची, आणि या दोघी पोट धरधरून हसायच्या. कान तपासण्याचं शिक्षण तिने का घेतलं, असं मुलाखतीत विचारलं तेव्हा तिने "सेवा" हा शब्द वापरला होता. खरं कारण हे होतं.

शुक्रवारी ताईचा फोन आला. ताई शहराबाहेर, बसने सव्वा तासावर, एका एवढ्याशा जागेत राहते. जागा एका हाकेत मावेल एवढी. दोन खोल्यांचं घर, पत्र्याची एक शेड, सात कोंबड्या, पाच फळझाडं, भाजीचे चार वाफे, दक्षिणेच्या भिंतीवर चढवलेली द्राक्षाची वेल आणि गेल्या वर्षापासून मधमाश्यांची एक पेटी. ताईने लग्न केलं नाही. टपाल कचेरीत नोकरी केली, आईला सांभाळलं, आणि आई गेल्यावरही तिथेच राहिली. "वेलीची छाटणी राहिलीय," ताई फोनवर ओरडून बोलली. ती नेहमीच फोनवर ओरडून बोलते. "माझा खांदा वर जात नाहीये. थंडी सरत आली, आता नाही केली तर वर्ष वाया जाईल. येतेस का दोन दिवस?" एरवी तिने चार कारणं सांगितली असती. या वेळी म्हणाली, "येते." नवऱ्याला जरा नवल वाटलं. "तुला तर तिथला चिखल बघवत नाही," तो म्हणाला. ती म्हणाली, "चिखलाचं काय, धुतला की जातो."

शनिवारी दुपारी वळणावर बस थांबली आणि ती उतरली तेव्हा रस्त्याच्या कडेला अजून मळकट बर्फाचे दोनचार पट्टे होते. पण उन्हात काहीतरी बदललं होतं. गेल्या खेपेला आली होती तेव्हाचं ऊन नुसतं दिसत होतं, हे गालाला लागत होतं. ताई फाटकाशीच उभी होती, अंगात आईचा जुना तपकिरी स्वेटर, पायात मापाला मोठे रबरी बूट. "वाळलीस गं बारके," ती म्हणाली, आणि पिशवी हातातून ओढून घेता घेता एकदम थांबली, बोट वर करून. "ऐक! आला बघ." जर्दाळूच्या उघड्या फांदीवर एक पक्षी बसला होता, अंगठ्याएवढा, राखाडी, डोक्यावर पिवळी रेघ. "गेले चार महिने गायब होता. हा बोलायला लागला की समजायचं, थंडी हरली. काय गोड आवाज आहे ना?" तिने ऐकलं. तिने जीव कानांत आणून ऐकलं. पाण्याच्या टाकीतून थेंब गळत होता तो ऐकू आला, लांबची बस ऐकू आली, कोंबड्यांची कुरकुर ऐकू आली. पक्ष्याची चोच उघडत होती, मिटत होती, गळ्यावरची पिसं थरथरत होती, आणि त्याच्याभोवतीची हवा कोरी होती. जणू कुणीतरी तिच्यासमोर उभं राहून नुसते ओठ हलवत होतं. "हो," ती म्हणाली. "गोड आहे." म्हणताना ती हसलीसुद्धा, आणि ते हसू कुणाचं आहे हे तिला हसता हसताच ओळखू आलं.

चहा पिऊन झाल्यावर ताईने तिच्या हातात कात्री दिली. वेल भिंतभर पसरली होती, करड्या सालीची, जागोजागी सोललेली, मेलेल्या दोरखंडासारखी. "गेल्या वर्षीच्या काडीवर फुटव्याचे दोन डोळे ठेव आणि तिरपं काप. भिऊ नकोस, ती काही ओरडत नाही," ताई खालून सांगत होती. ती शिडीवर चढली आणि कापत सुटली. कात्रीचा कचकच आवाज तिला स्पष्ट येत होता, आणि तो येतोय याचंच तिला बरं वाटत होतं. सातआठ काड्या पडल्या असतील नसतील, तिच्या मनगटावर पाणी पडलं. तिने वर पाहिलं. आभाळ निरभ्र होतं. पुन्हा थेंब पडला. मग तिला दिसलं की पहिल्यांदा कापलेल्या काडीच्या तोंडाशी एक थेंब फुगत होता. तो फुगला, जड झाला, सुटला, आणि त्याच्या जागी लगेच दुसरा आला. शेजारच्या काडीलाही. तिच्या शेजारच्याही. कापलेल्या प्रत्येक तोंडातून पाणी येत होतं. तिने घाबरून कात्री खाली घेतली. "ताई! अगं, हिला काहीतरी झालंय. रडतेय ही."

ताई मान वर करून बघत राहिली, आणि तिच्या सुरकुतलेल्या तोंडावर एकदम पोरीसारखं काहीतरी उमटलं. "पाणी सुटलं होय?" ती म्हणाली. "म्हणजे उशीरच केला आपण. पण बरं झालं, तुला बघायला मिळालं. मुळाला जीव आलाय, बारके. मूळ खालून पाणी वर ढकलतंय." "अगं, पण पान तर एक नाहीये. ओढतंय कोण?" "कुणी नाही ओढत. मूळच ढकलतं." "एवढ्या उंच?" "मग! मागे एका काडीला मी बाटली बांधली होती, सकाळपर्यंत भरली. मरत नाही हो ती, जखम सुकते आठ दिवसांत. पान फुटायच्या आधी एकदाच होतं हे, वर्षातून." मग ताई कोंबड्यांना दाणे टाकायला गेली आणि ती शिडीवर तशीच उभी राहिली. तिने एक थेंब बोटावर घेतला आणि जिभेला लावला. चव जवळजवळ नव्हतीच, किंचित गार, मातीच्या माठात रात्रभर राहिलेल्या पाण्यासारखी. तिने कापलेल्या तोंडावर अंगठा दाबून धरला. जरा वेळाने अंगठ्याखाली ओल जमली, मग कडेने वाट काढून थेंब बाहेर आलाच. एवढीशी काडी, पेन्सिलीपेक्षा बारीक, आणि तिच्यामागे जमिनीखालच्या सगळ्या अंधाराचा रेटा होता. चार महिने या भिंतीवर काहीच घडत नव्हतं, बर्फ पडत होता, ताई एकटी आत स्टोव्हपाशी बसली होती, आणि खाली कुठेतरी, कुणीही बघत नसताना, हे ठरत होतं. तिच्या खोलीत जे येतं ते आवाज करतं, आणि जे आवाज करतं त्याचा ठिपका कागदावर पडतो. इथे एवढं थोरलं काम चाललं होतं आणि त्याचा आवाज कुणालाच येत नव्हता. दहा वर्षांच्या पोराचा कान आणला असता तरी आला नसता. तिला वाटलं, आपण देवळात कात्री घेऊन चढलोय.

अंगठ्याखालच्या त्या रेट्याने तिला आईचा हात आठवला. नोकरीला लागल्यावर तिने आईला तपासणीसाठी दवाखान्यात आणलं होतं. आईने ठेवणीतली साडी नेसली होती. काचेच्या खोलीत शिरताना म्हणाली, "मला येतं गं ऐकू, तुम्हीच पुटपुटता." मग ती हातात बटण घेऊन बसली, लेकीकडे पाठ करून, अगदी ताठ. पहिला आवाज सोडला, आईने बटण दाबलं. दुसरा सोडला, दाबलं. जे आवाज त्या वयाच्या माणसाला येणं शक्य नाही, तेही आईला येत होते. चौथ्या की पाचव्या वेळी तिच्या लक्षात आलं: आईच्या समोरच्या काचेत तिचं स्वतःचं प्रतिबिंब पडलं होतं, आणि आई कानांनी ऐकतच नव्हती. तिचं मनगट हललं की आई बटण दाबत होती. तिने हात टेबलाखाली घेतला. मग आईने एकदाही बटण दाबलं नाही. वीस मिनिटं ती तशीच बसून राहिली, ताठ, अंगठा बटणावर ठेवून, हाकेची वाट बघत. आलेख खरा निघाला, सगळे ठिपके कागदाच्या तळाशी, बहिऱ्या कानाचे. पण दार उघडून आई बाहेर आली आणि "पास झाले ना?" म्हणाली तेव्हा तिच्या तोंडून निघालं, "झालीस की. छान येतंय तुला." आई केवढी खुलली. त्या एका वाक्यापायी कानाचं यंत्र दोन वर्षं लांबलं. आणि जेव्हा ते आणलं तेव्हा आईच्या डोक्याला आवाजांची सवयच राहिली नव्हती. ती यंत्र काढून डबीत ठेवायची आणि खिडकीपाशी बसून राहायची, इथे, ताईच्या या घरात, नऊ वर्षं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. ताईला तर नाहीच.

छाटणी उजेड असेपर्यंत चालली. संध्याकाळी जेवताना ताई तिच्या ओरडत्या आवाजात खांद्याचं, कोंबड्यांचं, टपाल कचेरीतल्या जुन्या साहेबाचं सांगत राहिली. तिला दोनदा "ताई, मला ना..." अशी सुरुवात करावीशी वाटली आणि दोन्ही वेळा ताईनेच पुढचं वाक्य सुरू केलं. थकून दोघी लवकरच झोपल्या.

सकाळी उठून ती बाहेर आली तर गवतावर दहिवर गोठलं होतं आणि सगळी जागा पांढरी दिसत होती. हरली म्हणे थंडी, तिला वाटलं. पण पायाखाली बघितलं आणि ती खाली वाकली. लसणीच्या वाफ्यावर ताईने शरदात पेंढा अंथरला होता. त्या गोठलेल्या पेंढ्यातून हिरवी टोकं वर आली होती, ओळीने, सुईसारखी. एका टोकाने पेंढ्याची अख्खी काडी भोसकून वर उचलली होती आणि गळ्यात अडकवून ते उभं होतं. बर्फाने त्याला काही केलं नव्हतं. तिने बोट लावून पाहिलं, लवचीक नव्हतं, टणक होतं. पुढे जर्दाळूच्या फांदीवर फुगलेल्या कळ्यांची लाल खवलं किंचित बाजूला सरकून आतला पांढरा रंग दिसायला लागला होता, झोपलेल्या मुलाच्या पापणीखालून डोळा दिसावा तेवढाच. ती एका झाडाकडून दुसऱ्या झाडाकडे जात राहिली. हे सगळं काल दुपारीही असणार. ती त्याच्यासमोरूनच चालत गेली होती, कान टवकारून, एका पक्ष्याचा आवाज येत नाही म्हणून हळहळत. शेडमधून ताईची हाक आली, "बारके! ये, ये लवकर!" ताई खुराड्यासमोर अंडं घेऊन उभी होती. "काळीने घातलं. पहिलंच. दिवस मोठा झाल्याचं यांना माझ्याआधी कळतं, कॅलेंडर नाही की काही नाही." ताईने ते अंडं तिच्या तळहातावर ठेवलं. ते गरम होतं. एवढ्या पांढऱ्या, गोठलेल्या सकाळी त्या जागेतली तीच एक गरम वस्तू होती, आणि अंडं हातात धरून ती नुसती उभी राहिली. "खाली ठेव की आता," ताई म्हणाली. "राहू दे जरा," ती म्हणाली.

मग ताईचा चेहरा पडला. "एक राहिलंय," ती म्हणाली. "माझ्याच्याने होत नाहीये, म्हणून तर तुला बोलावलं. छाटणीला काय, शेजारचाही आला असता." ताई तिला घरामागे घेऊन गेली. तिथे चार विटांवर मधमाश्यांची लाकडी पेटी होती, वर दगड ठेवलेला. पेटीच्या तोंडाशी, फळीवर आणि खाली मातीत मेलेल्या माश्यांचा खच पडला होता, काळ्या, वाळलेल्या, चहाच्या चोथ्यासारख्या. "चार महिने एक बाहेर आली नाही. शेजारी म्हणतो, गेल्या सगळ्या, पेटी धुऊन ठेव. उघडून बघावं तर एवढ्या गारठ्यात उघडली आणि असल्या तर माझ्याच हाताने मरतील." ताईने हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतले. "टकटक करून कान लावला की कळतं म्हणे. तू लाव. तुझं कामच आहे ते."

ती गुडघ्यांवर बसली, ओल थेट हाडांपर्यंत गेली. तिने पेटीच्या गार लाकडाला कान टेकवला, उजवा, आणि बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं. आधी काहीच नाही. स्वतःच्याच रक्ताचा आवाज. मग आतून, खूप आतून, एकदम घुमारा उठला. हजारो पंखांचा एक श्वास, खालच्या पट्टीतला, भरीव, अडीचशेच्या आसपासचा. तो उठला, क्षणभर थांबला आणि हळूहळू शांत झाला, झोपेत कुणी कूस बदलावी तसा. तिने डोळे मिटून घेतले. तो आवाज कानातून येतोय की गालाच्या हाडातून, हे तिला सांगता आलं नसतं. सगळा हिवाळा त्या काळोखात एकमेकींना चिकटून, आपल्या अंगाच्या थरथरीने मधली जागा ऊबदार ठेवून, बाहेरची जखडून टाकणारी थंडी सरायची नुसती वाट बघत बसलेला तो माश्यांचा गोळा तिच्या गालापासून चार बोटांवर होता. "आहेत," ती म्हणाली. "ताई, आहेत गं! खूप आहेत. ये, तूही ऐक."

ताई वाकली नाही. "मला कुठलं ऐकू यायला," ती म्हणाली. "मी काल परवा दहा वेळा लावला कान. नाही येत." मग दुसरीकडे बघत, जणू कोंबड्यांना सांगतेय अशी म्हणाली, "मला गेली पाचसहा वर्षं नीट येत नाही, बारके. तोंडाकडे बघून भागवते, फोनवर अंदाजाने. आईकडेच शिकले." "आणि पक्षी?" तिने विचारलं. "काल म्हणालीस, काय गोड आवाज." "चोच हलताना दिसली ना. पूर्वी गोड होता, आताही असेलच की. तू म्हणालीस ना, गोड आहे?" ती चिखलात गुडघे रोवून ताईकडे बघत राहिली. हसू आधी आलं की रडू, हे कळायच्या आत दोन्ही आलं. "मलाही नाही आला ऐकू," ती म्हणाली. मग तिला राहवलंच नाही. मेकॅनिक, हेडफोन, ओव्हन, सगळं तिने ताईच्या तोंडासमोर तोंड धरून, सावकाश सांगितलं. ताईने सगळं ऐकून घेतलं, म्हणजे बघून घेतलं, आणि म्हणाली, "म्हणजे काल आपण दोघी एका मुक्या पाखराचं कौतुक करत उभ्या होतो!" आणि ती एवढी हसली की कोंबड्या शेडच्या कोपऱ्यात पळाल्या.

हसणं ओसरल्यावर तिने आईच्या तपासणीचंही सांगितलं. काच, मनगट, टेबलाखाली घेतलेला हात, "छान येतंय तुला". सांगताना तिला ताईकडे बघवेना, पण मान वळवली तर ताईला कळलं नसतं, म्हणून बघावंच लागलं. ताई म्हणाली, "तिला माहीत होतं ते." "काय माहीत होतं?" "तू खोटं बोललीस ते. त्याच रात्री मला म्हणाली. म्हणाली, पोरीचा चेहरा असा काही पडला होता, आणि मग माझ्यासाठी तिने तो एवढ्या कष्टाने उचलला, म्हटलं कशाला तिचं मन मोडा, झाले पास." "मग यंत्र का नाही मागितलं?" "मागितलं असतं तर तू खोटी ठरली असतीस ना." ताईने तिच्या गुडघ्यावरचा चिखल अंगठ्याने खरवडला. "आई बहिरी होती, बारके. आंधळी नव्हती." वीस वर्षं तिने जे एकटीने उचललं होतं, ते आईनेही दुसऱ्या टोकाला धरून ठेवलं होतं, आणि दोघींनी एकमेकींना त्याचा आवाज होऊ दिला नव्हता.

ऊन चढलं. गवतावरचं दहिवर वितळून सगळीकडे पाणी चमकायला लागलं. दोघी घरामागे टाकलेल्या एका फळीवर खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या. मग तिच्या दंडाला ताईचं कोपर लागलं. पेटीच्या तोंडाशी एक माशी आली होती. ती तिथेच थांबली, पुढच्या पायांनी डोळे पुसले, आणि उन्हात उडी घ्यावी तशी उडाली. मागून दुसरी आली, तिसरी आली. मग त्या येतच राहिल्या, आणि पेटीसमोरची हवा सोनेरी ठिपक्यांनी भरून गेली. काही जणी मेलेल्यांना पायांत धरून फरफटत कडेपर्यंत आणत होत्या आणि खाली टाकत होत्या. आपल्यापेक्षा जड ओझं घेऊन एक उडाली, झोकांड्या खात फाटकापर्यंत गेली आणि रिकामी परत आली. घर झाडून निघत होतं. ताईचे ओठ हलत होते, ती मोजत होती की काय कोण जाणे. "सोमवारी मी दवाखान्यात डॉक्टरांना सांगणार," ती ताईकडे वळून म्हणाली. "आणि स्वतः आत बसणार. तूही चल माझ्याबरोबर." "आणि कोंबड्यांना कोण बघेल?" "शेजारी बघेल." "तो अंडी खाईल." "खाऊ दे." ताईने विचार केला. "काळीचं नाही खायचं म्हणून सांगते त्याला," ती म्हणाली.

फाटकापलीकडच्या रस्त्यावरून शहराकडे जाणारी बस गेली. दोघींनी ती जाताना पाहिली आणि कुणीच उठलं नाही. कारण तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या ओढ्याकडून एक माशी परत आली होती, इतरांपेक्षा जड, खाली खाली उडत. ती फळीवर उतरली आणि दम खात थांबली. तिच्या मागच्या दोन्ही पायांना पिवळे गोळे लागले होते, मोहरीएवढे, धमक पिवळे. ओढ्याकाठच्या झुडपांना तुरे आले असणार, आणि हे या दोघींना ठाऊक नव्हतं, शेजाऱ्याला नव्हतं, पण काळोखात चार महिने बसलेल्या हिला ठाऊक होतं. ताईने तिचा हात घट्ट धरला. "पराग आणला," ती म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती कुजबुजली असेल. "पराग पिलांसाठी आणतात. म्हणजे राणी आहे. अंडी घालतेय आत." माशी उठली, आपलं पिवळं ओझं सावरत पेटीच्या काळ्या तोंडात शिरली, आणि दोघी बहिणी श्वास रोखून त्या तोंडाकडे बघत राहिल्या, पुढची येईपर्यंत.